मागच्या खोलीतली कोरी चकती

१

ऊस तोडायच्या आधी फड पेटवतात. पाचट जळून जातं, तोडणाऱ्यांचे हात कापत नाहीत, साप-विंचू पळून जातात. ऊस उभाच राहतो, नुसता काळा पडतो. त्यांचं काम सोपं होतं आणि आमचं सुरू होतं. त्या जाळाचा धूर वस्तीवर किती येतो ते मोजण्याची माझी नोकरी. नातेवाइकांना सांगितलं की विचारतात, "धूर मोजतेस? कशाने, फूटपट्टीने?" पहिली काही वर्षं मी हसायचे. आता तेही सोडून दिलंय.

पद्धत साधी आहे. पेटीएवढं यंत्र असतं, त्यात पंप. पंप हवा ओढतो, ती हवा एका पांढऱ्या कागदी चकतीतून जाते आणि हवेतली घाण चकतीवर बसते. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची, फरक येईल तो धूर. यात एक कोरी चकतीही असते. बाकीच्यांबरोबर ती सगळीकडे फिरते, पण यंत्रात कधीच बसत नाही. आपल्या झाकणबंद डबीत पडून राहते आणि पांढरी परत येते. ती पांढरी आली म्हणजे आमच्या हाताळण्यात घोळ नाही, एवढंच तिचं काम.

यंदा साहेबांच्या डोक्यात आलं की घराच्या आत मोजायचं. घरात रात्रंदिवस घुरघुरणारं यंत्र ठेवून घ्यायला अर्थातच कोणी तयार होईना. मी हात वर केला. साहेबांना वाटलं, काय कामसू बाई आहे. माझा हेतू वेगळा होता. आमची क्वार्टर ओळीतली शेवटची. मागच्या भिंतीनंतर एक चर आणि चरापलीकडे ऊसच ऊस. मागची खोली माझ्या लेकीची, बिट्टीची. बिट्टी सहा वर्षांची आहे आणि तिला दमा आहे. फड पेटला की तिची छाती भरायची, आणि मी दरवर्षी साहेबांकडे क्वार्टर बदलून मागायचे. साहेब म्हणायचे, "बाई, तुमच्या काळजीवर मी सही कशी करू? आकडा आणा."

म्हटलं, ठीक आहे, आकडा आणते.

२

पहिला जाळ लांबच्या फडात झाला, पण वारा आमच्याच बाजूचा होता. संध्याकाळी अंगणात काळ्या पाचटाचे तुकडे पडत होते आणि सासूबाई वाळत घातलेले कपडे काढताना ऊसवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. एक यंत्र मी गच्चीवर लावलं होतं, एक बिट्टीच्या खोलीत. कोरी चकती तिच्याच खोलीत होती. तिथे कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. त्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर फळी आहे. त्या फळीवर ती डबी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चकत्या काढल्या. गच्चीवरची काळीकुट्ट, ती असणारच. खोलीतल्या यंत्राची चकती पांढरीशुभ्र होती. आणि कोरीची डबी उघडली तर आतली चकती काजळीने माखलेली.

साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. "वा," ते म्हणाले. "अदलाबदल केलीत ना? नव्या पोरांना तुम्हीच दम देता आणि स्वतः हा गाढवपणा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अदलाबदल हा आमच्या धंद्यातला सगळ्यात बावळट घोळ, आणि तो मी केला होता. घरी आले तर बिट्टी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी तिच्यावरच खेकसले की धुरात उड्या कसल्या मारतेस. मग लक्षात आलं की कालपासून तिने इनहेलर मागितलाच नाही.

३

पुढच्या जाळाच्या वेळी मी चकत्यांच्या कडेला पेन्सिलीने खुणा केल्या. यंत्रात घातली त्यावर फुली, कोरीवर गोल. डबीला वरून चिकटपट्टी लावली. सासूबाईंना बजावलं, "आई, त्या खोलीत कशाला हात लावू नका."

"मी कशाला हात लावतेय तुझ्या त्या गिरणीला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे यंत्राचा त्रास असा त्यांना काहीच नव्हता, तरी त्या त्याला गिरणी म्हणायच्या.

चिकटपट्टी जशीच्या तशी होती. फुलीवाली पांढरी होती. गोलवाली काळी.

मी डबी उलटसुलट करून पाहिली. झाकण घट्ट. बाहेरून डबी स्वच्छ. आत चकती काळी, आणि डबीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बोटाला काजळी. मनाशी म्हटलं, डबीला कुठे तरी चीर असेल. पंप गळत असेल. भिंतीत ओल असेल आणि ही बुरशी असेल. कारणं मला भराभर सुचत होती, आणि एवढी भराभर सुचतायत याचीच भीती वाटायला लागली.

शेवटी एक साधी गोष्ट केली. पंप चालू ठेवला, दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद. खोलीच्या मधोमध उभं राहून काडी पेटवली आणि विझवली. काडीचा धूर पंपाकडे जायला हवा होता. तो सरळ वर गेला, थबकला, आणि वाकून कपाटामागच्या बोळाकडे निघाला. दुसरी काडी ओढली, तिचंही तेच. तिसरी ओढायला माझा हात धजला नाही.

मग मी पंप बंद केला, आणि तेव्हा तो आवाज ऐकू आला.

४

श्वास घेतल्याचा आवाज होता. लांब, बारीक, एकसारखा. गरम चहाचा भुरका कोणी शेजारच्या खोलीत हळूच घ्यावा तसा, फक्त तो संपत नव्हता. मी वाट बघितली. माणूस श्वास घेतो, मग सोडतो. हा सोडत नव्हता. थांबायचा, आणि पुन्हा घ्यायचा.

बोळात मी पाहिलं. दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, टॉर्च घेऊन पाहिलं. घडीची खाट होती, बिट्टीचा एक मोजा होता, फळी होती. बाकी काही नव्हतं. आवाज मात्र चालूच होता, आणि मी टॉर्च पुढे नेला तसा तो थोडा वेळ थांबला. उंदीर माणसाची चाहूल लागली की थांबतो, तसा.

त्यानंतर मी रोज दुपारी ऑफिसातून घरी यायला लागले. डोकं दुखतंय, गॅस बघायचाय, काहीही कारण सांगून. आल्या आल्या पंप बंद करायचा आणि ऐकायचं. फड पेटलेला नसेल त्या दिवशी आवाज अगदी बारीक असायचा. पेटला की भरदार व्हायचा. बिट्टी त्याच खोलीत जमिनीवर पालथी पडून कागदाची माणसं कापत असायची. तिला काही ऐकू येत नव्हतं, काही दिसत नव्हतं, आणि आईने अशी मधेच येऊन भिंतीला कान लावण्यात काही विशेष आहे असंही तिला वाटत नव्हतं. तिचे गाल वर आले होते. त्या मोसमात ती पोटभर जेवत होती.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. जे काय आहे ते धूर पितंय आणि माझी पोर मोकळा श्वास घेतेय, अजून काय पाहिजे? पण हिशेब करायची सवय वाईट. गच्चीवरच्या चकतीवरून मला कळत होतं की त्या खोलीत किती घाण यायला हवी होती. ती सगळी त्या बोळात गेली होती. जाळामागून जाळ, सगळी. आणि घेतलेला श्वास कधी ना कधी सोडावाच लागतो. तो सुटेल तेव्हा खोलीत कोण असेल?

त्याच संध्याकाळी मी बिट्टीची गादी बाहेरच्या खोलीत आणली.

५

माझा नवरा पाण्याचा टँकर चालवतो. फड पेटवताना आग भलतीकडे जाऊ नये म्हणून टँकर बांधावर उभा ठेवावा लागतो, त्यामुळे जाळाच्या दिवशी तो घरी कधीच नसतो. घरी आला की त्याच्या अंगाला इतका वास येतो की सासूबाई त्याला आधी न्हाणीघरात पिटाळतात.

"गादी बाहेर का?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ऐकत होता.

"घूस असेल," तो म्हणाला.

"घूस धूर पिते?"

"तुझ्या ऑफिसातली असेल. तिला सवय असेल."

"मी थट्टा करत नाहीये."

"बरं बाई, बघतो," म्हणून तो मागच्या खोलीत गेला. मी दारात उभी राहिले. तो कपाटाशी वाकला, कान लावला आणि तसाच राहिला. मग बिट्टीचा पलंगही त्याने उचलून बाहेरच्या खोलीत आणून ठेवला.

"घूसच आहे," तो म्हणाला. "पण राहू दे पोरीला इकडे."

मागच्या खोलीला मी कडी घातली. साहेबांना सांगितलं, यंत्र नादुरुस्त आहे, खोलीतला आकडा धरू नका. साहेब हळहळले. फुलीवाली पांढरी चकती त्यांना आवडली होती. "घरात हवा चांगली म्हणजे लोकांना सांगता येतं, खिडक्या लावून बसा," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या घरी या आणि खिडक्या लावून बसा."

६

आमच्या मागचा फड सगळ्यात शेवटी पेटवायचा होता. त्या दिवशी दुपारी मुकादमाचा फोन आला. मुकादम म्हणजे तोडणाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या, मोठ्या आवाजाचा पण मनाने सरळ माणूस.

"बाई, वारा बघून पेटवतोय. तुमच्या बाजूला धूर येणार नाही. तरी पोरीला आत ठेवा."

वारा पाहूनच पेटवला त्याने, त्याचा दोष नाही. फड चारी बाजूंनी धरला आणि वारा फिरला. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे आभाळाला भिडलेला जाळ उभा राहिला. उसाची पेरं तडतडा फुटत होती, आणि क्षणात खिडकीबाहेर काही दिसेनासं झालं. सासूबाईंनी आणि मी ओल्या चादरी दारांच्या फटीत कोंबल्या. धूर तरी आला. तो फटीतून येत नाही, भिंतीतूनच येतो असं वाटतं.

बिट्टीने आधी खोकून पाहिलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मान पुढे काढली. दम कोंडला की ती अशीच बसते. इनहेलर दिला. पुन्हा दिला. छातीत शिट्टी वाजत होती, मग शिट्टीही बारीक झाली. ओठांचा रंग गेला. नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. दवाखान्याचा गाडीवाला फोनवर म्हणाला, "रस्ता दिसत नाही ताई, धूर ओसरला की येतो." धूर ओसरेपर्यंत काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक होतं.

मी बिट्टीला उचललं. सासूबाईंनी माझा पदर धरला. "तिकडे कुठे नेतेस? तिकडची खिडकी तर जाळाकडेच आहे!"

"सोडा आई."

"अगं, मारशील पोरीला!"

पोर कडेवर, कडी एका हाताने काढताना दोनदा निसटली. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. त्याच्यात किती साठलंय तेवढं मात्र मला नेमकं माहीत होतं, आणि माझी पोर मी त्याच्या समोर घेऊन चालले होते.

७

खोलीत हवा होती.

जाळाचा तांबडा उजेड खिडकीतून आत येत होता आणि त्या उजेडात मला धूर दिसला. खिडकीच्या फटींतून तो आत घुसत होता पण पसरत नव्हता. भिंतीवरून खाली उतरून, जमिनीलगत एक जाड दोर होऊन तो कपाटामागे जात होता. मी बिट्टीला घेऊन दारापाशी खाली बसले. दोर आमच्या पायांजवळून गेला, पण आम्हाला शिवला नाही. आवाज आता बारीक नव्हता. खोलीभर तो एकच ओढलेला श्वास होता.

बाहेर कुठे तरी ऊस कोसळला असेल, उजेड एकदम वाढला आणि बोळाच्या तोंडाशी पडला.

दोर जिथे संपत होता तिथे कोणी तरी बसलं होतं. माणसापेक्षा मोठं, आणि त्या एवढ्याशा जागेत कसंबसं मावलेलं. चेहरा मला दिसला नाही, किंवा तिथे नव्हता. मला दिसले ते हात. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले. मान पुढे काढलेली. खांदे कानांपर्यंत वर आलेले, आणि छाती अशी फुगलेली की आता आत काहीच मावणार नाही. तरी ते अजून ओढत होतं.

उजेड खाली गेला. मी डोळे मिटले, ते भीतीनेच मिटले. माझ्या मांडीवर बिट्टीची छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. शिट्टी परत ऐकू यायला लागली, मग सैल झाली. सासूबाई दारात उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. त्यांना तो आवाज ऐकू येत नव्हता, पण त्या पोरीच्या ओठांकडे बघत होत्या.

"रंग आला गं," त्या म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या. मीही रडले. बिट्टी आमच्याकडे बघत राहिली आणि जरा वेळाने म्हणाली, "मला भूक लागलीय."

८

क्वार्टर बदलून मिळाली. गच्चीवरच्या त्या दिवसाच्या चकतीचा आकडा पाहून साहेबांनी लगेच सही केली. आमच्या भागातली जाळाची परवानगीही तेवढ्यापुरती थांबवली. "आता तरी खूश?" ते म्हणाले. नवी क्वार्टर वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिच्यामागेही ऊसच होता. आमच्याकडे ऊस कुठे नाही?

सामान हलवायच्या सकाळी नवरा टेंपोवाल्याबरोबर पलंग चढवत होता. मी मागच्या खोलीत शेवटचा हात फिरवायला गेले. कपाट हलवलेलं होतं, बोळ असा आता राहिलाच नव्हता, नुसता कोपरा. रिकामा. फड तुटून गेला होता, धूर कुठेच नव्हता. तरी आवाज होता. ओढल्याचा नव्हता. तोंडाशी आलेलं, अडकलेलं, घशातच थरथरणारं काही तरी. हा आवाज मी माझ्या पोरीच्या छातीवर कान ठेवून वर्षानुवर्षं ऐकलाय.

बिट्टीच्या डॉक्टरांनी एकदा मला समजावून सांगितलं होतं. दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही असं सगळ्यांना वाटतं, पण खरी अडचण सोडण्याची असते. आत भरलेलं बाहेर जात नाही, म्हणून नवं आत येत नाही.

त्याला श्वास सोडता येत नव्हता. इतके दिवस मी कडी लावून ज्याला घाबरत होते, ते एवढंच होतं.

मी खिडकी सताड उघडली. बाहेर मोकळं रान होतं आणि वारा घराकडून रानाकडे वाहत होता. कोपऱ्यासमोर जमिनीवर बसले, फार जवळ नाही. ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर घातली, बिट्टीला शिकवलं होतं तशी. "असं," मी म्हटलं. "घाई नाही. थोडा थोडा सोड."

काही झालं नाही. मी पुन्हा फुंकर घातली. पुन्हा. बाहेरून नवरा हाका मारत होता.

मग कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली. धाग्याएवढी. माझ्या कानाजवळून, गालाला गार लागत, ती खिडकीकडे गेली आणि रानावर वाऱ्याला लागली. ती तुटली नाही. जाड होत गेली. अख्ख्या मोसमाचा धूर माझ्या शेजारून जात होता आणि मी तिथे बसून फुंकर घालत राहिले. माझी स्वतःची छाती कधी मोकळी झाली ते मला कळलंही नाही. बऱ्याच वेळाने रेघ पुन्हा धाग्याएवढी झाली आणि संपली. खोली शांत झाली. मग अगदी हलका, साधा श्वास आत गेला, आणि बाहेर आला. पुन्हा आत गेला, आणि बाहेर आला. थकून झोपलेलं पोर घेतं तसा.

"काय जाळतेस गं घरात?" नवरा खिडकीखालून ओरडला. "धूर बघ केवढा!"

मी बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावर काजळी असणार, कारण टेंपोवाला माझ्याकडे बघतच राहिला. बिट्टी टेंपोत, पलंगावर मांडी घालून बसली होती.

"सामान उतरवा," मी म्हणाले. "पलंग आधी. मागच्या खोलीत."